तोलामोलाचे चार डेक

४ जानेवारी

दादा,

'घरी सगळं ठीक आहे' असं लिहून सुरुवात केली होती, तो कागद फाडला. खोटं लिहिलं की मला झोप येत नाही, तुला माहीत आहे, उगाच नाही तू मला मोजपट्टी म्हणत. तेव्हा घरचं काहीच लिहीत नाही. एक प्रश्न विचारायचा आहे. प्रश्न आपल्या रविवारच्या लढाईच्या पत्त्यांचा आहे, म्हणजे निदान तेवढा तरी तू वाचशील. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर वाचल्याची खूण तेवढी येते, म्हणून हे पत्र.

प्रश्न असा: एखाद्याचा डेक, त्यानं खेळायला आणलेला सगळा गठ्ठा, सोपा करायचा, पण त्याची ताकद होती तेवढीच ठेवायची, तर ते कसं करतात?

डेक आईचा आहे. पाखरांचा, तूच बांधलेला. त्यातलं प्रत्येक पाखरू टेबलावर ठेवलं की काहीतरी निवडावं लागतं. गठ्ठ्यातले वरचे दोन पत्ते बघायचे, एक हातात घ्यायचा, एक तळाला सरकवायचा. किंवा आत्ता मारायचं की पुढच्या पाळीपर्यंत राखून ठेवायचं ते ठरवायचं. आईला अलीकडे एवढं निवडायचा कंटाळा येतो. कंटाळा हा शब्द बरोबर नाही, पण राहू दे. मी त्यातली काही पाखरं काढून साधी घातली. ती येतात आणि मारतात, विचारत काही नाहीत. पण निवड काढून घेतली की ताकदही जाते ना? म्हणून साधी पाखरं जरा मोठी घातली. आता ती किती मोठी असावीत इथे माझं अडलंय. पलंगावर चारी बाजूंनी मी एकटीच खेळून पाहिलं. तरी खात्री नाही. मी मनात आईच्या बाजूची असते, आणि मनात बाजू असली की हात आपोआप तसा पडतो.

कोपऱ्यावरच्या पत्त्यांच्या दुकानातही विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, "ताकद किती आहे, दहापैकी?" मी म्हटलं, सांगता येत नाही. म्हणाला, "मग सात. इथे येणाऱ्या प्रत्येकाचा डेक सातच असतो. हरणाऱ्याचाही आणि जिंकणाऱ्याचाही."

आईची रीत किती बरी होती हे तेव्हा पुन्हा वाटलं. पत्ते पिसायच्या आधी प्रत्येकानं ताकद बोलायची, आकड्यात नाही, तर असं: मला कुणी अडवलं नाही तर माझा डेक कितव्या पाळीला खेळ संपवेल. आणि मला अडवायला तुम्हाला काय लागेल. हे सांगता आलं नाही तर डेक तुला कळलेलाच नाही, खाली ठेव. मी वाचायला शिकले ती तिच्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पत्त्यांवरच्या बारीक अक्षरांवर. बेरीज-वजाबाकी शिकले ती खेळात कुणाचे किती जीव उरले ते मोजताना. शाळेत गेले तेव्हा बाईंना प्रश्न पडला, ही मुलगी गणिताच्या पेपराला 'मला अडवायला काय लागेल' असं का विचारते.

तू घर सोडलंस त्या दिवसाबद्दल बाबा अजून बोलत नाहीत. मीही बोलत नाही. पण मला दोन्ही गोष्टी आठवतात. तू 'आठव्या पाळीला' म्हणालास आणि तुझ्या वणव्याच्या डेकनं चौथ्या पाळीला सगळं टेबल जाळलं, ही एक. आणि दुसरी, त्याआधी कित्येक रविवार तू कुठलाही डेक आणलास, अगदी लिंबूटिंबू आणलास, तरी आम्ही तिघं मिळून तुलाच आधी मारत होतो, कारण तू तू होतास. बाबा तुला लबाड म्हणाले. तू जे म्हणालास ते मी इथे लिहीत नाही. पुन्हा या टेबलावर बसू नकोस, असं बाबा म्हणाले तेव्हा त्यांना ते फक्त टेबलाबद्दलच म्हणायचं होतं, असं मला वाटतं. तू घराबद्दल ऐकलंस.

प्रश्नाचं उत्तर दे. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मोजपट्टी

---

१९ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. मी डेकबद्दल दोन पानं लिहिली आणि तू तीन शब्द पाठवलेस: आईला काय झालंय?

आईनं मला बजावलंय की तुला कळवायचं नाही. तिचे शब्द असे: "कीव करायला आलेला माणूस मला टेबलावर नको." मी हो म्हटलं होतं. पण सरळ विचारलेल्या प्रश्नाला वाकडं उत्तर द्यायचं नाही हेही तिनंच शिकवलंय. दोन्हीपैकी एक मोडणारच होतं. मी तीन दिवस विचार केला आणि हे मोडतेय.

तिच्या डोक्यात गाठ आहे. काढता येणार नाही अशा जागी. डॉक्टरांनी बाबांना आधी गोल गोल सांगितलं, 'औषधांनी फरक पडेल, बघू या'. मला मात्र औषधाचं खोकं बघूनच कळलं. आमच्या औषधांच्या गोदामात मी ज्या रांगेत तारखा आणि शिक्के तपासते, त्या रांगेत ते असतं. ते कुणाला देतात आणि कशासाठी देतात हे आम्हाला पाठ आहे. खोकं हातात घेतलं आणि सवयीनं आधी तारीखच बघितली. औषध चांगलं होतं, बरीच मुदत होती.

आता डेकचं. कारण खरं दुखणं तिथे आहे, निदान तिचं.

तू गेल्यावर तुझ्या जागी खालचे काका येऊन बसायला लागले. ड्रायव्हिंग शिकवतात ते, तुला आठवतील, जिन्यातसुद्धा 'आरसा बघा, आरसा' म्हणत चढतात. त्यांचा चिखलाचा डेक आहे, सगळ्यांना हळू करणारा. बाबांचा यंत्रांचा, माझा भिंतींचा. रविवारी दुपारी चौघं बसतो. आईला पत्ते धरायला त्रास होतो म्हणून बाबांनी कामावरून आणलेल्या लिफ्टच्या जुन्या पट्टीतून एक लाकडी-लोखंडी स्टँड करून दिलाय, त्यात ती पत्ते उभे करते.

आणि डिसेंबरपासून आई जिंकायला लागली, ते मागच्या पत्रात मी लिहिलं नाही. एका रविवारी, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मला वाटलं मी साधी पाखरं फारच मोठी घातली. घाबरून मी दोन लहान केली. तरी जिंकली. मग आणखी लहान केली. तरी जिंकली.

गेल्या रविवारी खेळ संपला तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "सगळ्यांनी हातातले पत्ते उघडे करा."

काका म्हणाले, "वहिनी, संपला की खेळ."

"म्हणून तर. करा उघडे."

काकांच्या हातात चिखलाचे चांगले पाच पत्ते होते. दिवेही भरपूर होते त्यांच्यापुढे, म्हणजे ते पत्ते खेळायची किंमत त्यांच्याकडे होती. पाचपैकी एकही त्यांनी खेळला नव्हता. आईनं ते बोटानं मोजले. काका म्हणाले, "अहो, सवय आहे. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मी न कळत दाबतो."

"माझ्याकडे लायसन्स आहे," आई म्हणाली.

मग तिनं हात लांब करून बाबांचा डेक ओढला आणि पत्ते एकेक करून टेबलावर पसरले. "मोठ्या क्रेनचा पत्ता कुठे आहे?"

"हरवला असेल," बाबा म्हणाले.

"आणि घणाचा?"

"तोही असेल कुठेतरी."

"दोघं बरोबरच गेले म्हणायचे." तिनं डेक परत सरकवला. मग माझ्याकडे वळली. मी स्टँडकडे बघत होते. "आणि तू माझ्या डेकला हात लावलास. पहिल्याच रविवारी कळलं मला. मी काही बोलले नाही, म्हटलं, बघू कुठवर जाते."

मी म्हटलं, "मी ताकद तेवढीच ठेवायचा प्रयत्न केला होता."

"तू केला असशील. तुझ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." हे ती खरंच म्हणाली, आणि मला मारल्यासारखं लागलं.

कळलं ना तुला काय झालं ते? मी तिचा डेक तोलात आणत होते, आणि मला न सांगता बाबा स्वतःचा हलका करत होते, आणि दोघांना न सांगता काका पत्ते दाबून ठेवत होते. मी दर आठवड्याला तिची पाखरं लहान करत होते आणि ते दोघं दर आठवड्याला आणखी खाली उतरत होते. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे ते मोठ्यानं बोलावं लागलं असतं.

आई म्हणाली, "दुकानात गिऱ्हाइकं येतात, डोळे तपासायच्या तक्त्यावरची खालची ओळ पाठ करून. दिसत नाही, तरी घडाघडा म्हणतात. मी चष्मा देते तसाच. मग जिन्यावरून पडतात. तुम्ही तिघांनी मला खालची ओळ पाठ करून दिलीत."

बाबा म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून."

"तिघं मिळून मला जिंकवताय. त्यापेक्षा तिघं मिळून मारा. त्याला मारायचात तसं." तू घर सोडल्यापासून या टेबलावर तुझं नाव कुणी काढलं नव्हतं. आत्ताही तिनं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. "तो असता तर त्यानं असं केलं नसतं. तो मारायचा तेव्हा मारायचा."

तिनं पाखरं डबीत घातली, रबर लावलं, आणि डबी कपाटावर ठेवायला बाबांकडे दिली. ती आता खेळत नाही. रविवारी दुपारी पडून असते. म्हणते, "मला बसवून ठेवायचा खेळ नको. मला खेळता येतंय तोवर एकदा खरा खेळ हवा. नाहीतर आत्ताच थांबले समजा."

म्हणून मागते. चार डेक बांध. कुणाचेही नाहीत असे, नवीन. चारही एका ताकदीचे, खरे, आणि आईला झेपतील इतके सरळ. कुणाला कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरेल, म्हणजे कुणी कुणासाठी काही केलं असं राहणार नाही. आमच्यापैकी कुणी बांधले तर ती मानणार नाही. तू बांधलेस तर मानेल.

यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी कीव म्हणून बोलावत नाही. कशी बोलावतेय ते मलाच नीट सांगता येत नाही.

मोजपट्टी

---

११ फेब्रुवारी

दादा,

पार्सल आलं. बाबांनी सही करून घेतलं आणि तुझं अक्षर बघून बराच वेळ ते खोकं मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "चिकटपट्टी अजून वाकडीच लावतो."

चार करडी वेष्टनं, आत चिठ्ठी: 'चिठ्ठ्या टाकून वाटा. कुणी बदलू नका.' दुसरं काही नाही. मी खोकं उलटं करूनही पाहिलं.

डेक छान आहेत. पाणी, माती, वारा, धातू. प्रत्येकात थोडंच निवडायचं आहे, आणि जे आहे ते डोळ्यासमोर टेबलावर आहे, आठवून ठेवायला लागत नाही. मला एवढे आठवडे जे जमलं नाही ते तू असं सोडवलंस: निवड काढली नाहीस, आठवण काढलीस. हे वाचताना मला तुझा फार राग आला आणि तू मला फार आवडलास.

पण आईपुढे ठेवण्याआधी मी, बाबा आणि काकांनी खाली काकांच्या घरी बसून खेळून पाहिले. चौथ्या बाजूनं आळीपाळीनं खेळलो. शनिवारी दिवसभर, मग सोमवारी कामावरून आल्यावर. पाणी जड आहे, दादा. फार नाही. पूर आणणारा जो पत्ता आहे, तो एक दिवा स्वस्त आहे असं मला वाटतं. तो लवकर आला की बाकी तिघांना मिळूनही आवरत नाही. आठपैकी पाच खेळ पाण्यानं जिंकले.

काका म्हणाले, "अगं, आठ खेळांत काय कळतं? आणि कुठलीही गाडी थोडीशी एका बाजूला ओढतेच. आपण हात धरून सरळ नेतो."

मी म्हटलं, "आईला पाणी आलं आणि ती जिंकली तर? तिला कळलं तर की ते जड होतं?"

"आणि नाही कळलं तर?"

"मला कळेल ना."

बाबा खिडकीशी उभे होते. म्हणाले, "परत पाठवू नकोस. या रविवारी खेळू. आत्ता ती चांगली आहे. कालच स्वतः खाली जाऊन दूध घेऊन आली."

बाबा म्हणाले ते खरं आहे. ती चांगली आहे. सकाळी पेपरातलं कोडं सोडवते, दुकानातल्या मुलीला फोनवर फ्रेमांचे नंबर सांगते. डॉक्टरही म्हणाले की हे बरे दिवस आहेत. पण तिनं मागितला आहे तो खरा खेळ. जिच्या आयुष्यात आता एकच खरा खेळ उरला असेल तिला मी तो जरासा जड कसा देऊ? तिला आवडणार नाही. मला ते करवत नाही.

पाणी परत पाठवतेय. बरोबर आठही खेळांची टिपणं जोडली आहेत. पुराचा पत्ता एका दिव्यानं महाग कर, किंवा दुसरा घाल, तुला जे योग्य वाटेल ते. फार तर दोन आठवडे लागतील ना?

आईला सांगितलंय की दादा डेक बांधतोय. तुला कळवल्याबद्दल ती मला बोलली नाही. फक्त म्हणाली, "त्याला म्हणावं, घाई करू नकोस, नीट कर." तिनं असं म्हणायला नको होतं, आणि मी तुला हे लिहायला नको. पण ती म्हणाली, म्हणून लिहिलं.

मोजपट्टी

---

६ मार्च

दादा,

पाणी अजून आलं नाही.

तुझा मेसेज वाचला. पुराचा पत्ता महाग केला तर वारा जड होतो, मग वाऱ्यातलं काढलं तर माती. बरोबर आहे. तू एकटाच चारी बाजूंनी खेळून बघतो आहेस, हेही कळलं. तुझी खोली मला दिसते, तू पलंगावर पत्ते मांडले असशील, मीही तसंच केलं होतं.

पण आता पुरे. जसं असेल तसं पाठव. वारा जड असेल तर असू दे. आई परवा स्वयंपाकघरात गेली आणि कशाला आले असं विचारत दारात उभी राहिली. चांगले दिवस आहेत अजून, पण ते आता मध्ये मध्ये येतात. बाबा मला काही म्हणत नाहीत. मी ताटावर बसले की ते उठून पाणी आणायला जातात.

पाठव. किंवा घेऊन ये. गाडीनं एका दिवसाचा रस्ता आहे.

मोजपट्टी

---

२ मे

दादा,

आईला नेलं त्या दिवशी घरात इतकी माणसं होती की तू आलास हे मला आधी चपलांवरून कळलं. जिन्यात तू मला एवढंच विचारलंस, "खेळली का?" मी "हो" म्हटलं आणि तेवढ्यात मला आतून कुणीतरी हाक मारली. परत आले तेव्हा तू गेला होतास. बाबा म्हणाले, तो बराच वेळ तुझ्याकडे बघत उभा होता. त्यांनी तुला आत ये म्हटलं होतं का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी दार उघडं ठेवलं होतं." तुम्ही दोघं असेच.

तर कसा झाला खेळ ते लिहिते. तुला ते कळायला हवं.

पाण्याचं पार्सल आलं, चिठ्ठीत तू 'आता चारही सारखे, आठवी पाळी' लिहिलं होतंस, मग आम्ही चांगल्या दिवसाची वाट बघत राहिलो. तो दिवस मार्चच्या शेवटी आला, रविवारही नव्हता. आई सकाळी उठून म्हणाली, "आज डोकं जागेवर आहे. बोलवा त्यांना." काकांनी एका विद्यार्थिनीला अर्ध्या रस्त्यातून परत आणून सोडलं आणि धावत आले. मी कामावर कळवलं.

चिठ्ठ्या आईनं टाकल्या. पाणी तिच्याच वाट्याला आलं.

ते जड असतानाच तिच्या वाट्याला आलं असतं, त्या फेब्रुवारीत, तिचं डोकं रोज जागेवर असताना, तर काय बिघडलं असतं? हा विचार मी करते. तू करू नयेस म्हणून लिहिणार नव्हते, पण तूही करतच असशील.

पत्ते पिसायच्या आधी ती म्हणाली, "ताकद बोला." काका म्हणाले, "सात." ती हसली. खूप दिवसांनी हसली, दम लागेपर्यंत. मग मी सांगितलं, चारही सारखे आहेत, दादानं बांधलेत, आठव्या-नवव्या पाळीला संपेल. तिनं विचारलं, "त्यानं आठ म्हटलं का?" मी म्हटलं हो. बाबा पत्ते पिसत होते, त्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाले, "मग आठच असेल."

सुरुवातीला ती फार छान खेळली, दादा. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तिनं काकांच्या मातीला दोनदा वेळेवर अडवलं. बाबांशी तह केला, मग तो योग्य वेळी मोडला, आणि बाबा "ही बाई अशीच आहे" म्हणाले. स्टँडमधले पत्ते ती दोन बोटांनी काढत होती आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं वाचत होती, बारीक अक्षरंसुद्धा. कुणी ब्रेक दाबला नाही. बाबांनी तिला धातूनं दोन वेळा जोरात मारलं. मारताना त्यांचा हात स्थिर होता.

मग तिनं तिच्या पाळीला सगळे मासे काकांवर सोडले. सगळे. एकही मागे राखणीला ठेवला नाही.

मी सहा वर्षांची असताना तिनं मला सगळ्यात पहिली हीच गोष्ट शिकवली होती, की मारायला सगळे पाठवलेस तर घरी कोण राहील. तिनं पत्त्यावरून हात उचलला आणि समाधानानं मागे टेकली. तिला दिसलं नव्हतं. तिच्यापुढे राखायला कुणीही नव्हतं, तिचे जीव थोडे उरले होते, आणि पुढची पाळी माझी होती. माझ्याकडे वारा होता. मारायला पुरेसं होतं, वर उरणार होतं.

काकांनी घसा खाकरला. बाबांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी पत्त्यांकडे बघत राहिले. म्हटलं, कदाचित काकांना मारावं, ते जास्त पुढे आहेत, कुणालाही पटेल. खरंच पटण्यासारखं होतं, तेच वाईट होतं. मी स्वतःला तेही समजावू शकले असते.

आई म्हणाली, "काय बघतेस? खेळ."

मी म्हटलं, "सगळे आईवर."

ती पुढे वाकली. राखणीला कोण आहे ते बघायला तिचं बोट टेबलावरून फिरलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग तिला कळलं. चेहरा पडला तिचा, मी खोटं लिहीत नाही, तो पडला. तिला हरल्याचं वाईट वाटलं नसावं. आपल्याला दिसलं नाही, याचं वाटलं असावं. एक क्षण मला वाटलं, ती आता रडेल आणि मी हे का केलं.

"बरोबर," ती म्हणाली. "कुणीही हेच केलं असतं." मग तिचाच जुना नियम म्हणाली, "हात सुटला की पत्ता गेला, परत घ्यायचा नाही." तिनं आपले पत्ते स्वतः गोळा केले, कडा जुळवून गठ्ठा केला आणि बाजूला ठेवला. काकांनी मदतीला हात पुढे केला तो तिनं बाजूला केला.

बाबा म्हणाले, "चल, आता आवरू या. तू पड थोडी."

"का? तुम्ही तिघं आहात अजून."

"तू बाद झालीस ना पण."

"बाद झाले म्हणजे मी बघते. नेहमी बघतोच की बाद झालेला. तुम्ही खेळा."

बाबांनी लगेच त्यांचं सगळं लष्कर माझ्या अंगावर सोडलं, काहीही न बघता, लवकर संपावं म्हणून. आई म्हणाली, "हे काय खेळणं झालं? परत नाही घ्यायचं आता, पण पुढे नीट खेळा. मी बसलेय म्हणून घाई करायची नाही."

म्हणून आम्ही नीट खेळलो. तू डेक असे बांधलेस की तीन उरले तरी ते एकमेकांना पुरून उरतात. काका मागे पडलेले वर आले, बाबांनी एक पूल बांधला आणि तो मी पाडला, मग मला वाटलं मी जिंकतेय आणि काकांनी मातीखाली माझा सगळा वारा गाडला. आम्ही भांडलो. एका पत्त्यावरच्या ओळीचा अर्थ काय यावर बाबा आणि काका हमरीतुमरीवर आले, काका उभे राहिले, बाबांनी चष्मा काढून पत्ता डोळ्यांजवळ धरला आणि मी दोघांना सांगत होते की दोघांचंही चुकतंय.

आणि त्यात कधीतरी मी आईला विसरले, दादा. ती बसलीय हे विसरले. तिला काय झालंय हेही विसरले. मला फक्त टेबल दिसत होतं, आणि माझ्या हातातले दोन पत्ते, आणि त्यातला कुठला.

मान वर केली तेव्हा ती आमच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती, मला माहीत नाही. मला विसरलेलं तिनं पाहिलं होतं, एवढं नक्की. तिला बरं वाटलं की वाईट, ते मी सांगू शकत नाही. मला जे हवंय तेच मी सांगेन, म्हणून सांगत नाही.

तिनं हनुवटीनं टेबलाकडे खूण केली. माझी पाळी आली होती. मी पत्ता ओढला.

मोजपट्टी